अधिवास पुन्हा उभा करणं आणि परागवाहकांची बाग: स्वयंसेवकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बिघडलेली जागा पुन्हा उभी करायच्या कामाला येऊ इच्छिणाऱ्यांकडून आणि परागवाहकांसाठी, म्हणजे फुलाफुलांत पराग नेणाऱ्या जिवांसाठी, स्वतःची बाग करू पाहणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न प्राथमिक आहेत, पुढचे अडचणीचे. एखाद्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडे आलं असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मला झाडांमधलं ओ की ठो कळत नाही. मी येऊन काय करणार?

या. पहिल्या दिवशी तुम्हाला एकच वनस्पती ओळखायची असते, ती म्हणजे जी काढायची आहे ती. तिचं पान चुरगळून वास घ्यायचा, खोड चाचपायचं. तिच्यासारखी दिसणारी पण ठेवायची असलेली दुसरी एखादी असेल, तर दोन्ही शेजारी धरून फरक बघायचा. अर्ध्या तासात डोळा बसतो. नियम एकच, पण तो कडक आहे: शंका आली की उपटायचं नाही, आधी विचारायचं. उपटलेलं रोप पुन्हा लावता येत नाही, आणि दुर्मीळ रोपटं लहानपणी तणासारखंच दिसतं.

नावं हळूहळू येतात. दर खेपेला दोन नवी नावं पक्की झाली तरी पुष्कळ.

२. काम म्हणजे झाडं लावायची, असंच ना?

बहुतेक दिवस नाही. लागवड हा वर्षातल्या मोजक्या दिवसांचा कार्यक्रम असतो. जिथे पावसाळा ठरलेला आहे तिथे पहिल्या चांगल्या पावसानंतर, आणि थंड प्रदेशांत बहुधा शरद ऋतूत किंवा वसंताच्या तोंडावर. बाकी वर्षभर तण काढायचं, काढलेल्या जागी पुन्हा उगवलेलं पुन्हा काढायचं, बी गोळा करून वाळवायचं, साफ करायचं, रोपवाटिकेत पिशव्या भरायच्या, कोवळ्या रोपांना पाणी द्यायचं, फुलांवर काय येतंय ते मोजायचं. फोटोत यातलं फारसं काही येत नाही. रोप लावतानाचा फोटो सगळ्यांकडे असतो. तिसऱ्या वर्षी त्याच रोपाभोवतीचं तण काढतानाचा फोटो क्वचित दिसतो, आणि जागा उभी राहते ती त्या तिसऱ्या वर्षाच्या कामावर.

३. 'देशी' म्हणजे नेमकं काय? पिढ्यान्‌पिढ्या आमच्या परिसरात असलेलं झाड देशी नाही का?

असेलच असं नाही. घाणेरी ही मूळची उष्ण अमेरिकेतली. शोभेचं झुडूप म्हणून ती जगभर नेली गेली आणि आज भारत, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका सगळीकडे रान व्यापून बसली आहे. आपण लहानपणापासून पाहत आलो म्हणून ती इथली होत नाही.

दुसरी गोष्ट, देशाच्या सीमा वनस्पतींना ठाऊक नसतात. एखादं झाड तुमच्याच देशातलं असलं, पण घनदाट पावसाळी जंगलातलं असलं, तर कोरड्या माळावर ते परकंच. म्हणून 'या देशातलं का?' असं विचारू नका. 'या मातीत, या पावसात, या उंचीवर ते माणसाने न आणता वाढत होतं का?' असं विचारा.

तिसरी गोष्ट, परकं आणि आक्रमक यात फरक आहे. बागेतली बहुतेक परकी झाडं कुंपणाबाहेर जात नाहीत. जी आपोआप पसरतात, इतरांना दाबून टाकतात, त्यांच्याशीच आमचं भांडण आहे. अंगणातला जुना गुलाब काढायला कोणी येणार नाही.

४. पण परक्या फुलांवरही फुलपाखरं बसतात. मग ती का काढायची?

बसतात, कारण मध मिळतो. घाणेरीवर तर झुंबड असते. पण फुलपाखराचं आयुष्य फुलावर सुरू होत नाही, पानावर होतं. मादी अंडी घालते ती ठरावीक वनस्पतीवरच, कारण तिच्या अळीला तेवढंच पचतं. उत्तर अमेरिकेतल्या मोनार्क फुलपाखराची अळी रुईच्या कुळातल्या, तिकडे मिल्कवीड म्हणतात त्या वनस्पतींवरच वाढते. त्या नसतील तर मधाचा कितीही सुकाळ असला तरी पुढची पिढी नाही. मध पुष्कळांचा चालतो, अळीचं मात्र एखाद-दुसऱ्या झाडावाचून अडतं. आक्रमक झुडपाखाली नेमकी हीच अळीची झाडं गुदमरतात.

तरीही सगळं एका झटक्यात काढत नाहीत. फुलांचा दुसरा सोर्स उभा राहीपर्यंत टप्प्याटप्प्याने काढायचं, हे शहाणपणाचं (प्रश्न ११ पाहा).

५. परागवाहक म्हणजे मधमाश्याच ना?

मधमाश्या त्यातला छोटा भाग. जगात मधमाशीवर्गातल्या २०,०००हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि पोळं करून मध साठवणाऱ्या त्यातल्या अगदी थोड्या. बहुसंख्य एकट्या राहतात; पुढे 'एकट्या माश्या' म्हटलंय त्या याच. एक मादी, तिचं एक बीळ, त्यात परागाचे गोळे आणि अंडी. साधारण ७० टक्के जाती जमिनीत घर करतात. सकाळच्या उन्हात उघड्या मातीकडे वाकून पाहिलंत तर मातीची छोटी ढिगुळी दिसते, मधोमध पेन्सिल जाईल एवढं भोक. थोडं थांबलात तर त्या भोकात एक चेहरा येतो, अंदाज घेतो आणि मागे सरतो. ती मुंगी नसते.

त्याखेरीज फुलमाश्या, भुंगेरे, पतंग, पक्षी, वटवाघळं. गोरखचिंचेची मोठी पांढरी फुलं रात्री उमलतात ती मुख्यतः वटवाघळांसाठी. 'उंबर फोडून केंबरं काढू नयेत' म्हणतात ना, ती केंबरं म्हणजे उंबराचे परागवाहकच. ती नसतील तर उंबराला बी धरत नाही.

जगातल्या सपुष्प वनस्पतींपैकी जवळपास ८७ टक्क्यांना परागीभवनासाठी कमी-अधिक प्रमाणात प्राण्यांची मदत लागते, असा अंदाज आहे. गवतं आणि त्यांच्या कुळातली धान्यं मात्र वाऱ्यावर किंवा स्वतःच्याच परागावर भागवतात. म्हणून 'माश्या संपल्या की सगळं अन्न संपेल' हे वाक्य फलकावर लिहू नका. फळं, तेलबिया, भाज्या यांना मोठा फटका बसेल. तेवढं खरं आहे आणि तेवढं पुरे आहे.

६. मग बागेत मधमाश्यांची पेटी ठेवली तर दुहेरी फायदा नाही का?

हा प्रश्न फार येतो, आणि आमचं उत्तर नाही असं आहे. बहुतेक पेट्यांमध्ये पाळली जाते ती युरोपीय मधमाशी, मूळची युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियातली. भरात असलेल्या एका पेटीत हजारो, कधी पन्नास हजारांच्या घरात माश्या असतात. लहान बागेतला पराग त्या फस्त करतात आणि एकट्या राहणाऱ्या माश्यांना उरतं ते खरवड. शिवाय फुलांवरून रोगही पसरतात. मधमाशीपालन हा चांगला व्यवसाय आहे, पण तो पशुपालनासारखा व्यवसाय आहे, निसर्गसंवर्धन नव्हे.

आणखी एक. टोमॅटो-वांग्याच्या कुळातल्या फुलांचे परागकोश मिठाच्या डबीसारखे टोकाला भोक असलेले असतात. माशीने फूल घट्ट धरून अंगाचे स्नायू थरथरवले तरच पराग झडतो. सुतारभुंगे आणि काही एकट्या माश्या हे करतात, मधमाश्या करत नाहीत. म्हणजे पेटी ठेवून सगळ्याच फुलांची सोय होत नाही.

७. बाग सुरू करायची आहे. झाडांची यादी पाठवा.

सगळ्यांना चालेल अशी यादी नाही, आणि कोणी देत असेल तर जपून. यादी तुम्हीच करायची. ती अशी:

घरापासून काही किलोमीटरच्या परिघात कमी ढवळलेली जागा शोधा: जुनी राई, ओढ्याचा काठ, टेकडीचा उतार, दफनभूमीची कड, रेल्वेमार्गालगतचा पट्टा. महिन्यातून एकदा तिथे जा आणि तीन रकाने भरा: काय फुललंय, त्यावर कोण आलंय, पानं कोणी खाल्लीत का. वर्षभराने तुमच्याकडे जी वही असेल ती कुठल्याही छापील यादीपेक्षा बरी. वर्ष थांबायचं नसेल तर जवळच्या वनस्पतिसंग्रहालयाकडे किंवा परिसरातल्या जाणत्या माणसांकडे विचारा, पण वही चालू ठेवाच.

निवडताना बघायचं ते हे. प्रत्येक ऋतूत किमान तीन जाती फुलात असाव्यात. विशेषतः फुलांचा मोठा हंगाम सुरू होण्याआधीचे आणि संपल्यानंतरचे आठवडे, कारण उपासमार होते ती तेव्हा. एका जातीची पाच-सात रोपं एका जागी लावा. विखुरलेल्या एकेका रोपाकडे माश्या कमी वळतात. फुलांचे आकार वेगवेगळे घ्या: उथळ, खोल, नळीचे, घोसाचे, कारण सोंडांची लांबी सारखी नसते. दुहेरी पाकळ्यांची देखणी वाणं टाळा. त्यांच्यात बहुधा पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, म्हणजे दुकानाची पाटी मोठी आणि आत माल नाही. गवतं विसरू नका, पुष्कळ फुलपाखरांच्या अळ्या गवतावर वाढतात.

रोपवाटिकेतून घेताना एक प्रश्न नक्की विचारा: रोपांना मुळातून भिनणारं कीटकनाशक दिलंय का? निओनिकोटिनॉइड गटातली औषधं मातीतून किंवा बियाण्यातून शोषली जाऊन मधात आणि परागात उतरतात. युरोपीय संघाने त्यातल्या तिघांच्या उघड्यावरच्या वापरावर २०१८मध्ये बंदी घातली. असं रोप आणून लावणं म्हणजे पाहुण्यांना बोलावून विष वाढणं.

८. माझ्याकडे फक्त गॅलरी आहे. काही उपयोग?

आहे. लहान माश्या घरापासून काहीशे मीटरच उडतात. दोन हिरव्या तुकड्यांमध्ये तुमच्या कुंड्या त्यांना टप्पा देतात. दहा प्रकार आणण्यापेक्षा दोन जाती निवडा, प्रत्येकी तीन-चार कुंड्या, ऊन येतं त्या बाजूला. उथळ ताटलीत खडे ठेवून पाणी द्या, खड्यांचे माथे कोरडे राहू द्या. पाणी रोज बदला, नाहीतर डास पाळाल.

९. अळ्यांनी पानांची चाळण केली. कुठलं औषध मारू?

कुठलंच नाही. बाग चालू लागली, एवढाच त्याचा अर्थ. 'सेंद्रिय' लिहिलेली औषधंसुद्धा अळीला मारतातच, त्यासाठीच ती बनलेली असतात. बहुतेक झाडं पुन्हा पानं काढतात. एकाच रोपावर फार गर्दी झाली असेल तर पुढच्या हंगामात त्या जातीची रोपं वाढवा. पानं नीटनेटकी हवी असतील तर ही बाग तुमच्यासाठी नाही, हे आधीच मान्य केलेलं बरं.

१०. आच्छादन घाला म्हणता आणि माश्यांना उघडी माती हवी असंही म्हणता. नक्की काय?

दोन्ही, पण वेगवेगळ्या जागी. नव्या रोपांच्या बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं आच्छादन हवं, त्याने ओल टिकते आणि तण दबतं. मात्र ते खोडाला चिकटू देऊ नका, कुजतं. बागेच्या उन्हाकडच्या, पाणी न साचणाऱ्या बाजूला थोडी जागा पूर्ण उघडी सोडा. खणू नका, पाणी घालू नका, तुडवू नका. जाड प्लास्टिकचा तणरोधक कागद तर कुठेच नको. त्याखालून बीळ काढता येत नाही आणि वर्षांनी तो मातीत फाटून राहतो.

पोकळ किंवा भुसभुशीत गराची वाळकी खोडं जमिनीलगत न कापता वीतभर-दीड वीत ठेवा. काही माश्या त्यात घर करतात.

बाजारात मिळणाऱ्या 'माश्यांच्या हॉटेल'बद्दलही विचारलं जातं. छोटं चालेल, मोठं नको. भोकं ३ ते १० मिलिमीटर रुंदीची, १५ सेंटिमीटरच्या आसपास खोल, मागून बंद, आत गुळगुळीत असावीत. नळ्या दर हंगामानंतर बदलता आल्या पाहिजेत. भिंतभर हॉटेलात बुरशी आणि परजीवी एका घरातून दुसऱ्यात सहज जातात. आणि प्रश्न ५ आठवा: जमिनीत राहणाऱ्यांना या हॉटेलाचा काही उपयोग नाही.

११. आक्रमक झुडपं काढायची योग्य पद्धत कोणती?

वरून छाटणं ही सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात निरुपयोगी पद्धत. घाणेरीसारखं झुडूप छाटलं की खोडाच्या तळापासून दुप्पट फुटवे येतात. तिच्यासाठी करायचं ते असं: आधी फांद्या कमी करून बुंध्यापर्यंत वाट काढायची. मग बुंध्याभोवतीची माती कुदळीने हलवून जमिनीखाली दोन-तीन इंचांवर मुख्य मूळ तोडायचं. फुटवे येतात ते मूळ आणि खोड यांच्या सांध्यातून, म्हणून तो सांधा पूर्ण वर आला पाहिजे. कुदळ बरोबर बसली की झुडूप अचानक हलकं होतं, हाताला कळतं. मग ते उलटं, मुळं आभाळाकडे करून ठेवायचं, म्हणजे मातीला टेकून पुन्हा रुजत नाही. फळं धरायच्या आधी हे उरकावं. पक्षी फळं खातात आणि ज्या झाडांवर बसतात त्यांच्याखाली बी टाकतात, त्यामुळे पुढची दोन-तीन वर्षं अशा झाडांखाली नवी रोपटी शोधून उपटावी लागतात.

सुरुवात कुठून करायची हे त्याहून महत्त्वाचं. मन म्हणतं, सर्वांत वाईट पट्टा आधी. १९६०च्या दशकात सिडनीत जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी आपल्या परिसरातल्या रानात नेमकं उलट केलं: जिथे देशी झाडं अजून तगून आहेत तिथून सुरू करायचं आणि हळूहळू दाट तणाकडे सरकायचं. त्यांचे तीन नियम पुढे ऑस्ट्रेलियात या कामाचा पाया झाले. चांगल्याकडून वाईटाकडे जा, माती कमीत कमी हलवा आणि देशी झाडं किती वेगाने जागा भरतात त्यावर तणकाढणीचा वेग ठरू द्या. शेवटचा नियम लोकांना जड जातो. एका रविवारी अख्खा उतार साफ केला की बरं वाटतं, पण उघड्या पडलेल्या मातीत पहिलं उगवतं ते तणच.

काढायच्या आधी झुडपात घरटं आहे का पाहा. विणीच्या हंगामात दाट झुडपं सोडून द्या.

१२. तणनाशक मारलं तर आठवड्यात काम होईल. का नाही?

फवारणी नाही. ती शेजारच्या देशी रोपट्यांवर जाते, आणि त्यांच्यासाठीच तर हा खटाटोप. तोडल्यावर पुन्हा पुन्हा फुटणाऱ्या काही मोठ्या झाडांच्या बाबतीत ताज्या बुंध्यावर ब्रशने थोडं औषध लावण्याची पद्धत अनेक ठिकाणी वापरतात. ते काम प्रशिक्षण घेतलेल्या माणसानेच करायचं, स्वयंसेवकाने नाही. आमच्यातही यावर एकमत नाही. माझं मत असं की हाताने निघत असेल तोवर हातानेच.

१३. सीडबॉल, म्हणजे आत बी घातलेले मातीचे गोळे, फेकायची सहल काढू का?

मुलांचा दिवस छान जातो, एवढा फायदा नक्की. रानाला किती होतो याबद्दल मला शंका आहे. कडक जमिनीवर पडलेला गोळा पहिल्या सरीत फुटतो, कोंब निघतो आणि मुळाला मातीत शिरायला वाव न मिळाल्यामुळे पुढच्या उघडिपीत वाळतो. उरलेलं बी उंदीर-मुंग्या नेतात. यापेक्षा मोठी अडचण बियांची. गोळ्यात काय भरलंय हे फेकणाऱ्याला बहुतेक वेळा माहीत नसतं. सहज मिळणारं, पटकन उगवणारं बी भरलं जातं, आणि तेच कधी कधी आक्रमक निघतं. फेकायचेच असतील तर जात ठाऊक असलेलं, त्याच परिसरातलं बी (प्रश्न १६), कमी गोळे, मोकळ्या केलेल्या मातीत बोटाने दाबून. म्हणजे थोडक्यात, फेकू नका.

१४. समोर एवढं उघडं माळरान आहे. तिथे झाडं का लावत नाही?

कारण ते उघडं नाही, भरलेलं आहे. गवताळ प्रदेश हा तोडलेल्या जंगलाचा अवशेष असतो असं धरून चालायची सवय लागली आहे. पुष्कळ माळरानं हजारो वर्षं माळरानंच आहेत. त्यांचं बरंचसं जगणं जमिनीखाली, कंदांत आणि मुळांत असतं, आणि वर्षातले थोडे आठवडेच ते वर दिसतं. तिथे खड्डे घेऊन झाडं लावली की सावली पडते, उन्हात वाढणारी गवतं आणि रानफुलं जातात, जमिनीवर घरटी करणारे पक्षी जातात.

जागा मुळात जंगल होती की माळ, हे ठरवायला जुने नकाशे, वयस्क माणसांच्या आठवणी आणि तिथे आज उगवणाऱ्या वनस्पती यांचा मेळ घालावा लागतो. तो घातल्याशिवाय खड्डा नको.

१५. कुंपण घालून जागा सोडून दिली तर निसर्ग आपोआप सावरेल ना?

कधी सावरतो. कधी कुंपणच घात करतं. इंग्लंडमधल्या लार्ज ब्लू या निळ्या फुलपाखराची हकिगत यासाठी सांगतो.

त्याची अळी काही दिवस रानओव्याच्या फुलांवर खाते, मग जमिनीवर पडते. एका विशिष्ट जातीच्या लाल मुंग्या तिला आपलंच पिल्लू समजून वारुळात नेतात. तिथे ती सुमारे दहा महिने मुंग्यांचीच पिल्लं खाऊन वाढते. फुलपाखरू कमी होऊ लागलं तेव्हा संशय गेला संग्राहकांवर, आणि त्यांना रोखायला कुंपणही घातलं गेलं. कुंपणामुळे गुरंही बाहेर राहिली. पुढे १९५०च्या दशकात साथीच्या रोगाने ससे मेले, डोंगरउतारावरची चराईही कमी झाली. गवत काही सेंटिमीटर वाढलं. तेवढ्या वाढीने जमिनीला ऊन लागेना, माती गार झाली आणि ऊबदार माती लागणारी ती मुंगी गेली. रानओवा होता, जागा राखीव होती, पण १९७९मध्ये फुलपाखरू ब्रिटनमधून नाहीसं झालं. मुंगीचं आणि गवताच्या उंचीचं हे कोडं जेरेमी थॉमस या शास्त्रज्ञाने सोडवलं, तेव्हा वेळ निघून गेली होती. १९८३पासून स्वीडनमधून आणलेल्या फुलपाखरांच्या जोरावर आणि चराई पुन्हा सुरू करून ते परत आणलं गेलं.

तेव्हा कुंपण घालण्याआधी विचारा: इथे चराई, कापणी, पूर किंवा वणवा यांतलं काय होत आलंय? ते थांबलं तर काय बदलेल?

१६. फिरायला गेल्यावर रानातून बी आणू का?

जमीन ज्याची त्याची परवानगी हवी, संरक्षित क्षेत्रातून तर काहीच उचलायचं नाही. परवानगी असेल तर एका झाडावरचं दहातलं एखादं फळ घ्या, त्याहून जास्त नको. पक्षी-उंदरांचा वाटा आणि झाडाचा स्वतःचा वाटा तिथेच राहू द्या. एकाच भरघोस झाडावरून पोतं भरण्यापेक्षा शक्य तितक्या जास्त झाडांवरून मूठमूठ घ्या, नाहीतर पुढचं सगळं रान एकाच आईचं होईल. कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी धरते. पिशवीवर लगेच जात, जागा, तारीख लिहा. घरी गेल्यावर लिहू म्हणणाऱ्यांच्या अनामिक पिशव्यांनी आमचं एक कपाट भरलं आहे. कंद, आमरी (ऑर्किड) आणि अख्खी रोपं कधीच उपटू नका.

१७. आमच्या भागात एक पडीक जागा आहे. आम्ही परस्पर काम सुरू केलं तर?

नका करू. मालकाची किंवा संबंधित खात्याची लेखी संमती घ्या, आणि त्या जागेचं पुढे काय ठरलंय तेही विचारा. चार वर्षं राबून तयार झालेला तुकडा वाहनतळासाठी सपाट होताना पाहणं फार वाईट. दुसरं कारण: 'पडीक' जागेत आधीच काही चांगलं असू शकतं (प्रश्न १४).

१८. आमच्या कंपनीचे दोनशे जण एक दिवस द्यायला तयार आहेत. झाडं लावायला आणू का?

उत्साहाबद्दल आभार, पण एका दिवशी दोनशे नको. चारशे पावलांनी ओली माती घट्ट होते, पाणी मुरत नाही, आणि प्रत्येकाच्या हातात एक रोप द्यायचं म्हणून नको तिथे खड्डे होतात. त्याऐवजी दहा-बाराच्या तुकड्या करा आणि वर्षभर वाटून या. एकाच दिवशी यायचं असेल तर पिशव्या भरणं, बी साफ करणं, पायवाट बांधणं, आच्छादनाचा माल वाहणं ही कामं आहेत. बॅनरला जागा आम्ही देऊ, रोपाला नाही.

१९. साप, दंश, अ‍ॅलर्जी यांचं काय?

पूर्ण बाह्या, पूर्ण विजार, घोट्यावर येणारे बूट, जाड हातमोजे. दाट झुडपात हात घालण्याआधी काठीने हलवा. धनुर्वाताची लस चालू आहे ना, पाहा. कीटकदंशाने पूर्वी श्वास लागला असेल, चेहरा सुजला असेल, तर आल्या आल्या प्रमुखाला सांगा आणि औषध स्वतःजवळ ठेवा.

एकट्या माश्या क्वचितच डंख करतात, नरांना तर डंख नसतोच. भीती मोठ्या पोळ्याची. दक्षिण आशियातल्या आग्या माशीचं पोळं जवळ असेल तर धूर, उग्र अत्तर, दंगा, दगड काही नको. तिथलं काम रद्द. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड झाकून पळा आणि बंद खोलीत किंवा गाडीत शिरा. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत थांबतात.

२०. जागा 'पूर्ण' व्हायला किती वर्षं लागतात? आपण यशस्वी झालो हे कसं कळतं?

पूर्ण होत नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या वनस्पतिउद्यानात शेती झालेल्या जमिनीवर पुन्हा गवताळ प्रदेश उभा करायचं काम १९३०च्या दशकात सुरू झालं. या प्रकारचा जगातला तो सर्वांत जुना प्रयत्न मानला जातो. आज त्याचं नाव कर्टिस प्रेअरी आहे, आणि तिथे आजही ठरवून आग लावावी लागते, तण काढावं लागतं.

मोजायचं मात्र पहिल्या दिवसापासून. एका ठरलेल्या दगडावरून, त्याच दिशेने, दर ऋतूत एक फोटो. एक मीटर बाय एक मीटरच्या चौकटीत कोणत्या जाती आहेत त्याची नोंद. फुललेल्या एका ठिगळासमोर दहा मिनिटं बसून येणाऱ्यांची मोजणी: नावं येत नसतील तर 'लहान काळी माशी', 'मोठा भुंगा', 'फुलमाशी' असे गट चालतात. किती रोपं लावली हा आकडा आम्ही जाहीर करत नाही. दोन उन्हाळ्यांनंतर किती जिवंत आहेत तो करतो, आणि तो दर वेळी अभिमानास्पद नसतो.

२१. अळीला चालणारं झाड, पण परकं. लावू का?

अडचणीचं उदाहरण घेऊ. हळदीकुंकू म्हणून ओळखलं जाणारं लाल-पिवळ्या फुलांचं, चिकाचं झुडूप मूळचं उष्ण अमेरिकेतलं. मोनार्कच्या अळ्या ते आनंदाने खातात, म्हणून अमेरिकेच्या उबदार दक्षिण भागात लोकांनी ते भरपूर लावलं. तिथली स्थानिक मिल्कवीड थंडीत वाळून जाते, हे झुडूप वाळत नाही. त्यामुळे काही फुलपाखरं स्थलांतर न करता तिथेच वीण करतात, आणि एक सूक्ष्म परजीवी पानांवर साठत जाऊन पिढ्यान्‌पिढ्या त्यांना लागतो. म्हणून तिकडे थंडीआधी ते जमिनीलगत छाटायला सांगतात, आणि शक्यतो स्थानिक जात लावा म्हणतात. तेव्हा अळी खाते एवढ्यावर ठरवू नका. तीच गरज भागवणारी स्थानिक वनस्पती मिळत असेल तर तीच. आधीच लावलेलं असेल तर स्थानिक रोप वाढेपर्यंत ठेवा, बी पसरू देऊ नका.

२२. देशी झाडच माजलं असेल तर? ते काढणं पाप नाही का?

चराई किंवा वणवे थांबल्यावर स्थानिक काटेरी झुडपंसुद्धा माळ गिळतात. तिथे ती विरळ करावी लागतात, पण हा निर्णय एकट्याने, त्या दिवशीच्या उत्साहात घ्यायचा नाही. किमान एक वर्ष नोंदी (प्रश्न २०) पाहून, जागेची जबाबदारी असलेल्या सगळ्यांनी मिळून घ्यायचा. उलटंही होतं: परक्या झाडाच्या ढोलीत घुबड नांदत असतं. अशा झाडाची नवी रोपटी काढतो, ते झाड तेवढं ठेवतो.

२३. मला वर्षातून दोनदाच जमेल. चालेल का?

चालेल, फक्त तारखा आम्हाला निवडू द्या. लागवडीच्या दिवशी माणसं कमी पडत नाहीत. कमी पडतात ती लागवडीनंतर सहा-आठ आठवड्यांनी, जेव्हा तण रोपांच्या डोक्यावर गेलेलं असतं, आणि मग कोरड्या हंगामाच्या ऐन मध्यात, जेव्हा पाणी वाहून न्यायचं असतं. ते दोन दिवस द्या. येताना हातमोजे, टोपी, पाण्याची बाटली आणि असेल तर स्वतःचं खुरपं आणा. त्याच्या मुठीला लाल किंवा पिवळी चिंधी बांधा, गवतात पडलं की सापडत नाही.